भाकरीचं नको

आमच्या बाबांच्या पहिल्या ‘नको’ला घरात कुणी किंमत देत नसे. आई भाकरी घेऊन जवळ आली की ते ताटावर हात आडवा धरत आणि ‘नको’ म्हणत, पण त्या हाताची बोटं फाकलेली असत. आई हाताकडे बघायचीसुद्धा नाही. बाजूनं अर्धी भाकरी ताटात सरकवून ती पुढे जाई, आणि बाबा ‘कायले वाढलं’ असं पुटपुटत शेवटचा तुकडा संपवत. खरंच पोट भरलं असेल तर ते ताटावर दोन्ही हात ठेवत, बोटं मिटून. मग आईही थांबे. आमच्या बेल्याकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या गावी, पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणारा माणूस हावरा समजला जातो, त्यामुळे यात बाबांचं वेगळं असं काही नव्हतं. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवते, सासरही गावातच. हे व्याकरण मला कुणी शिकवलं नाही, जेवता जेवता आलं. माझ्या भावालाही आलं होतं. तो ते मधेच कुठेतरी विसरून आला, आणि त्याचंच हे सगळं झालं.

बाबांची आणखी एक रीत होती. आपलं ताट आपण उचलायचं. पाहुणा असो, जावई असो, कुणाचं ताट दुसऱ्यानं उचललेलं त्यांना खपत नसे. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीत उभं राहून हे सांगितलं होतं आणि नवऱ्या मुलासकट अख्खी वरात आपापली ताटं घेऊन नळाकडे गेली होती. माझे सासरे अजून तो विषय काढतात. पण त्यामागचं कारण कळल्यापासून हसत नाहीत. माझे आजोबा चंपत, त्यांच्या नावापुढे तेव्हा कुणी राव लावत नसे, पैनगंगेपलीकडच्या एका बड्या शेतकऱ्याकडे राबायचे. त्या घरात लग्न निघालं की उष्ट्या पत्रावळ्या उचलायचं काम त्यांचं. लहानगे बाबा टोपली धरून त्यांच्या मागे मागे फिरायचे. तिथून बाबा शिकले, मास्तर झाले, हेडमास्तर बाबाराव म्हणून रिटायर झाले. त्या टोपलीबद्दल ते फार बोलत नसत. फक्त जेवण झालं की लगेच उठत आणि आपलं ताट घासून पालथं घालत.

अशा घरातल्या हर्षदीपनं, माझ्या धाकट्या भावानं, इंटर म्हणजे बारावी झाल्यावर हॉटेल मॅनेजमेंटला जायचं काढलं. त्या दिवशी बाबा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“माह्या बापानं लोकायच्या पत्रावळ्या उचलल्या,” ते म्हणाले. “मी पुस्तक उचललं. अन् तू फी भरून परत पत्रावळ्या उचलाले चालला?”

हर्षदीप गेलाच. हट्टीपणा आमच्याकडे वारशानं येतो, त्यासाठी वाटणी करावी लागत नाही. आधी हैदराबादला शिकला, मग नाशिकजवळच्या एका गावात नोकरीला लागला. गाव छोटंसं, पण सगळीकडे द्राक्षाचे मळे, वाइन करायचे कारखाने, आणि त्यांच्या आजूबाजूला फ्रेंच पद्धतीची हॉटेलं. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याचे लोक गाड्या घेऊन यायचे आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर तास तास जेवत बसायचे. तो तिथले फोटो पाठवायचा. हे भलंमोठं पांढरं ताट आणि मधोमध लिंबाएवढा पदार्थ. आई म्हणायची, “पाहुने उपाशी जात असतील बापा.” बाबा फोटो पुढे केला की पेपर उघडायचे.

तिथं तो बरंच काही शिकला. सॉस, ब्रेड, सुरी कुठे, काटा कुठे. आणि एक गोष्ट फार अभिमानानं सांगायचा. पाहुण्याला एकदाच विचारायचं, हळू आवाजात. तो नको म्हणाला की संपलं. “आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, ताई,” असं त्यानं मला एकदा फोनवर समजावलं. मी तेव्हा हसले.

आई गेली आणि वर्षभरात हर्षदीप सामान घेऊन परत आला. नाशिककडे जे करत होतो ते आपल्या जिल्ह्यात करणार म्हणाला. मी म्हटलं, अरे, आदिलाबाद जिल्ह्यात कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, द्राक्षाचा एक वेल दाखव. तो म्हणाला, मोह आहे ना. इचोड्याला नागपूर-हैदराबाद रस्त्यावर एक बंद पडलेला ढाबा होता, तो त्यानं भाड्यानं घेतला, भिंती पांढऱ्या केल्या आणि वर पाटी लावली, ‘शे तारा’. फ्रेंचमध्ये ‘शे’ म्हणजे ‘च्या घरी’. ताराबाईच्या घरी, आईच्या घरी. खाली बारीक अक्षरात ‘वाइन कंट्री किचन’ असंही इंग्रजीत लिहिलं होतं, तेवढं बारीक मात्र आमच्या लोकांना लांबूनही वाचता आलं. तेलंगणात दारूच्या दुकानाला ‘वाइन्स’ म्हणतात हे माझा शहाणा भाऊ विसरला होता. पहिले आठ दिवस ट्रकवाले येऊन क्वार्टर मागायचे, आणि चंदा, ही त्यानं बाजारहत्नूरहून कामाला आणलेली आणि स्वतः शिकवून तयार केलेली मुलगी, त्यांच्यापुढे मोहाच्या फुलांचं सरबत ठेवायची. शेवटी ती ओळ रंगानं पुसली.

जेवण मात्र चांगलं होतं, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. क्रेप म्हणून जे यायचं ते आपलं ज्वारीचं धिरडंच, पण इतकं पातळ की पलीकडची चंदा दिसावी. गावरान कोंबडी फ्रेंच लोक लाल वाइनमध्ये शिजवतात, तो मोहाच्या फुलांच्या रसात शिजवायचा, मंद आचेवर, दुपारपर्यंत. रविवारी आदिलाबादचे डॉक्टर, अधिकारी यायचे. कधी नागपूरकडे निघालेली हैदराबादची माणसं थांबायची. इतर दिवशी टेबलं रिकामी. त्याला त्याचंही फार वाटत नसे. “हॉटेल चालो न चालो,” तो मला म्हणाला होता, “बाबांनी एकदा इथं बसून पोटभर जेवावं. बस.”

बाबा काही महिने गेले नाहीत. मला मात्र आडून आडून विचारायचे, त्या पोराकडे येतात का लोक, उन्हाचा किचनमध्ये उभा राहतो का. शेवटी आईच्या स्मृतिदिनाला सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मी विषय काढला. त्यांनी दोनदा नको म्हटलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते उठले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात येऊन उभे राहिले, जणू मीच उशीर करते आहे. आम्ही आदिलाबादला बस बदलून इचोड्याला पोचलो.

हर्षदीपनं खिडकीजवळचं टेबल ठेवलं होतं. पाटीवरचं आईचं नाव बाबांनी उंबऱ्यात थांबून वाचलं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी टेबलक्लॉथवरून हात फिरवला आणि म्हणाले, कापूस चांगला आहे. मला वाटलं, जमलं. शेजारच्या टेबलावर हैदराबादचं एक जोडपं बसलं होतं. दोघं खाण्याबद्दल कुठेतरी लिहितात असं हर्षदीपनं मला आधीच कुजबुजून सांगितलं होतं, आणि त्या दिवशी त्याच्या चालण्यातही ते दिसत होतं.

आधी सूप आलं. बाबांनी ते आवडीनं संपवलं, चमचा ठेवला, आणि सवयीप्रमाणे वाटी-बशी उचलून किचनकडे निघाले. चंदा मागे धावली. हैदराबादची बाई वळून बघू लागली. हर्षदीप बाहेर आला आणि त्यानं बाबांच्या हातातली बशी धरली.

“बाबा, इथं असं चालत नाही. तुम्ही बसा.”

“मंग कोन उचलते?”

“चंदा उचलते.”

“अन् ती नसली त?”

“मी उचलतो, बाबा.”

बाबांनी बशी सोडली आणि येऊन बसले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. शाळेत एखाद्या हुशार पोराचा पेपर कोरा सापडला की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

मग कोंबडी आली. ती चंदानं नाही, हर्षदीपनंच आणली, लोखंडी भांड्यात, झाकण काढलं तेव्हा मोहाचा गोड वास टेबलभर झाला. तो बाबांच्या बाजूला वाकला. डाव त्याच्या हातात होता.

“बाबा, वाढू?”

“नको,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला. बोटं फाकलेली.

मी ती बोटं पाहिली. आई असती तर डाव एव्हाना ताटात रिकामा झाला असता. माझा भाऊ क्षणभर थांबला, मान थोडी झुकवली, नाशिकला शिकवतात तशी, आणि म्हणाला, “ठीक आहे, बाबा.” मला वाढून तो पुढं काही बोलणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलानं हाक मारली. तो गेला. त्यांना मोहाचं झाड समजावून सांगू लागला, केव्हा फुलतं, फुलं कशी वेचतात, आणि ते संपेचना. चंदानं येऊन बाबांसमोरचं कोरं ताट अलगद उचललं.

मी तिला म्हटलं, अगं, बाबांना वाढायचं आहे. ती बिचारी गोंधळली.

“त्यायनं नको म्हटलं न ताई. सरनं शिकवलं हाय, नको म्हनजे नको.”

मी हर्षदीपला हाक मारायला उठले तर बाबांनी माझं मनगट धरलं. “राहू दे,” ते म्हणाले. “कोनी सांगून इचारलेलं काय कामाचं.”

मी कोंबडी तशीच ठेवली. बाबा खिडकीबाहेर ट्रक बघत बसले. निघताना त्यांनी हर्षदीपच्या खांद्यावर हात ठेवला आणि हॉटेल स्वच्छ आहे म्हणाले. आदिलाबादच्या बसस्टँडवर त्यांनी मिरचीभजी घेतली आणि उभ्यानं सगळी खाल्ली. त्यांना किती भूक लागली होती ते मला तेव्हा दिसलं. मला रडू आलं आणि भावाचा रागही आला, काय जास्त ते सांगता येत नाही.

संध्याकाळी हर्षदीपचा फोन, बाबांना आवडलं का. मी जे झालं ते सांगितलं. तो आधी वाद घालत होता, की मी जवळ जाऊन विचारलं, ते नको म्हणाले. मग मी बोटांचं विचारलं. त्याला आठवलं. आईचा हात, बाजूनं सरकणारी भाकरी, सगळं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाबांना फोन केला. मी समोरच तांदूळ निवडत बसले होते. त्यानं परत बोलावलं असणार, पुढच्या सोमवारी, हॉटेल बंद असतं तेव्हा, दुसरं कुणी नाही. बाबा म्हणाले, “नको बापू.” एवढंच. फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानाशी तसाच धरला होता. मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून. मी फोन घेऊन ठेवून दिला.

मी हर्षदीपला म्हटलं, पुन्हा विचार. तो नाही म्हणाला. आणि त्याचं कारण मला पटलं, हेच मला आता सहन होत नाही.

“ताई, हे भाकरीचं नको नाही,” तो म्हणाला. “हे आज्याचं नको आहे. त्यांनी माझ्या हातात ती बशी पाहिली. आता मी परत परत बोलावणं म्हणजे त्यांच्या जखमेवर बोट ठेवणं आहे.”

आम्ही दोघं शिकलेली भावंडं. बाबांच्या साध्या शब्दात आम्ही आज्याचं आयुष्य, टोपली, पैनगंगा, सगळं वाचलं, आणि बाबांचा मान राखला. त्यांना परत एकदाही बोलावलं नाही. हर्षदीप महिन्या-दोन महिन्यांनी बेल्याला यायचा, बाबांशी कापसाबद्दल बोलायचा, मी केलेलं जेवायचा आणि जायचा. हॉटेलचं नाव कुणी काढत नसे. बाबा त्याला बसपर्यंत सोडायला जात, आणि मी मनाशी म्हणे, बघ, किती समजूतदार झाले दोघं.

पुढच्या उन्हाळ्यात ‘शे तारा’ बंद पडलं. त्या जोडप्यानं चांगलं लिहिलं होतं म्हणे, पण हैदराबादला वाचून इचोड्याला जेवायला कोण येतो. आता तिथं एका परातीत चौघांनी खायची मंडी बिर्याणी मिळते आणि बाहेर गाड्या लावायला जागा नसते. चंदाला आदिलाबादला एका हॉटेलात काम लागलं. हर्षदीपला नाशिकच्या जुन्या मालकानं परत बोलावलं. पाटी तो घरी घेऊन आला आणि गोठ्यामागे भिंतीला टेकवून ठेवली.

त्याच्या जाण्याच्या आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात मांडीवर पडून राहू लागला. हर्षदीपनं जाणं पुढं ढकललं. बाबांना भरवायचं, न्हाऊ घालायचं, सगळं त्यानं केलं. बाबा डाव्या हातानं चमचा धरायला शिकले तेव्हा एका दुपारी त्यानं घरच्या चुलीवर कोंबडी चढवली. मोहाची वाळलेली फुलं त्याच्या सामानात शिल्लक होती.

तो बाबांच्या बाजूला वाकला. या वेळी डाव आपला घरचाच, दांडा वाकलेला.

“वाढू, बाबा?”

“नको.”

“थोडंसं. वाढू?”

उत्तराची वाट न बघता हर्षदीपनं वाढलं. बाबा हळूहळू खात होते, घास तोंडात बराच वेळ घोळवत. तीन-चार घासांनंतर चमचा ठेवला. मऊ झाली आहे म्हणाले, तुझ्या आईच्या हातची नाही, पण चांगली आहे. ताटात बरंच उरलं होतं. मग ते उठायला लागले, डावा हात ताटाच्या काठाला लावून, आणि ताट हातात थरथरायला लागलं.

“मी उचलू?” हर्षदीपनं विचारलं.

“नको.”

“उचलतो न, बाबा.”

बाबांनी ताटावरचा हात काढला. उभ्या आयुष्यात त्यांनी असं केलं नव्हतं. हर्षदीपनं ताट उचललं, अंगठा काठाच्या बाहेर ठेवून, चमचा घसरू न देता, आवाज न करता. बाबा ते बारकाईनं बघत होते. मला वाटलं, आता त्यांना आजा आठवणार.

“हॉटेलात बी असंच उचलत होता?”

“हो.”

“नीट उचलतं तू,” बाबा म्हणाले. मग ताटात उरलेल्या कोंबडीकडे बघत, “आलो असतो मी अजून एकडाव. कोंबडी खायची राह्यली होती तिथची.”

हर्षदीप जागच्या जागी वळला. “मी फोन केला होता, बाबा. तुमी नको म्हटलं.”

बाबांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. घरात मोठी मी, मराठी शिकवणारी मी, मला तरी कळायला हवं होतं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

“एकडावच त इचारलं त्यानं,” ते म्हणाले.

हर्षदीप ताट धरून तसाच उभा होता. ते घ्यायला मी हात पुढे केला, पण त्यानं दिलं नाही.